सुझुकी टीएम ४०० मागचं चाक का फेकते, आणि तिच्यावर काम कोणत्या क्रमाने करावं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि सोबतचे फोटोही मोठे करून पाहिले. तुम्ही टेक्सासमध्ये एका शेतावरच्या शेडमधून १९७२ ची सुझुकी टीएम ४०० घेतली, म्हणजे मोटोक्रॉसची, मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीची गाडी. भारतात असताना आरएक्स १०० आणि शोगन चालवली होती, इकडे आल्यावर आजच्या जमान्यातली २५० ची डर्ट बाइक चालवली, त्यामुळे टू-स्ट्रोक किंवा मातीतली गाडी तुम्हाला नवी नाही. तरी पहिल्याच रविवारी वळणातून बाहेर पडताना या गाडीचं मागचं चाक सटकलं आणि तुमचा खांदा दुखावला. आता एक मित्र सांगतोय मॅग्नेटला, म्हणजे क्रँकच्या टोकाला फिरणाऱ्या चुंबकी चाकाला, वजन लाव, दुसरा म्हणतोय मागचे शॉक बदल, तिसरा म्हणतोय सरळ विकून टाक. तुम्हाला हवंय ते एवढंच, की आधी काय करायचं.

जुन्या टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाड्या उघडणं-जोडणं हे माझं रोजचं काम आहे आणि टीएम ४०० आजवर बऱ्याच हाताखालून गेल्या. तिघा मित्रांपैकी कोणाचंच पूर्ण चूक नाही. पण क्रम चुकला तर पैसे जातील आणि गाडी होती तशीच राहील, म्हणून थोडं लांबण लावतो.

सगळे म्हणतात या गाडीत ताकद जास्त आहे. मला ते पटत नाही. ३९६ सीसी, ८२ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक, आणि कंपनीचा दावा सुमारे ४० हॉर्सपॉवरचा. आजच्या ४५० फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस गाड्या पन्नाशी ओलांडतात आणि हौशी लोक त्या दर आठवड्याला ट्रॅकवर चालवतात. टीएमचा त्रास असा, की ती ताकद कोणत्या क्षणी येणार हे हाताला आधी कळत नाही, आणि आल्यावर ती पेलायला खालची चासी पुरत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोघींचे उपायही वेगळे आहेत. लोक त्यांची सरमिसळ करतात. इंजिनच्या दुखण्यावर शॉक बदलतात आणि चासीच्या दुखण्यावर कार्बोरेटरचे जेट.

शोगन तुम्ही चालवलीय म्हणून त्याच भाषेत सांगतो. शोगन खालच्या रेसमध्ये शांत असायची आणि एका ठिकाणी एकदम उठायची. ते ठिकाण दोन दिवसांत अंगवळणी पडायचं, मनगटच सांगायचं की आता येणार. शिवाय ती ११० सीसी होती, उठून उठून किती उठणार! टीएममध्ये तोच प्रकार जवळजवळ चौपट इंजिनात आहे, चाकाखाली डांबराऐवजी सैल माती आहे, आणि उठण्याचं ठिकाण दर वेळी तेच असेल याची खात्री नाही.

ही गाडी अशी का निघाली हे माहीत असेल तर दुरुस्तीचा क्रम आपोआप सुचतो. १९७० मध्ये बेल्जियमच्या जोएल रोबेरने सुझुकीवर २५० सीसीचं जागतिक विजेतेपद मिळवलं. मोटोक्रॉसमध्ये जपानी गाडीला मिळालेलं ते पहिलं विजेतेपद. १९७१ मध्ये रॉजर डी कोस्टरने सुझुकीवरच ५०० सीसीचं मिळवलं. अमेरिकेत त्या वेळी मोटोक्रॉसची लाट नुकती चढत होती. हुस्कवार्ना गाड्या अमेरिकेत आणणाऱ्या एडिसन डायने १९६६ मध्ये स्वीडनचा रेसर टोर्स्टेन हॉलमन याला आणून इथल्या लोकांना हा खेळ दाखवला होता, आणि आता प्रत्येकाला मोठी टू-स्ट्रोक हवी होती. चांगल्या गाड्या म्हणजे मायको, हुस्कवार्ना, सीझेड. सगळ्या युरोपातल्या, आणि सुट्या भागांसाठी वाट बघायला लावणाऱ्या. अशा बाजारात १९७१ मध्ये टीएम ४०० आली, नाव ‘सायक्लोन’. किमतीला परवडणारी, डीलर गावोगावी, आणि टाकीवर विश्वविजेत्याच्याच कंपनीचं नाव.

डी कोस्टरची गाडी मात्र ही नव्हती. ती हाताने बांधलेली फॅक्टरीची आरएन७१, मॅग्नेशियम आणि टायटॅनियमचे भाग घातलेली. फॅक्टरीच्या गाड्या इतक्या हलक्या झाल्या, की १९७३ मध्ये मोटरसायकल खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला किमान वजनाचा नियम आणावा लागला. दुकानात मिळणारी टीएम शंभर किलोंच्या वर, साध्या लोखंडी नळ्यांची. डी कोस्टरची गाडी बघून ज्यांनी पैसे मोजले त्यांना पहिल्याच शर्यतीत फरक कळला. या गाडीला ‘विधवा करणारी’ असं नाव पडलं ते अजून पुसलेलं नाही.

आता तुमचं चाक नेमकं का फिरलं ते बघू. कोणत्याही जोरकस टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरच्या पोटातून उलटी येणारी दाबाची लाट एका ठरावीक रेसला बरोबर वेळेत सिलेंडरच्या पोर्टवर (धूर बाहेर जाण्याच्या तोंडावर) पोचते आणि इंजिन भरून श्वास घेतं. तिथे ताकद एकदम चढते. चांगली रचना असेल तर ही चढण जिन्यासारखी असते, टीएममध्ये ती भिंत आहे. त्यात या गाडीचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन. सुझुकी त्याला पीईआय म्हणायची, पॉइंट नसलेलं. त्या काळात हे नवलच होतं. पण त्यात टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, हळूहळू पुढे सरकण्याऐवजी झटक्यात पुढे जातं. तिसरी गोष्ट, मॅग्नेट फार हलकं. फिरणारं वजनच नाही, म्हणून इंजिनला कोणी अडवत नाही, रेस क्षणात वर जाते. लाट, टायमिंगची उडी आणि हलकं मॅग्नेट एकत्र आले की हँडल धरलेल्या माणसाला विचार करायला वेळच मिळत नाही.

आता यावर पन्नास वर्षांची झीज ठेवा. टीएमच्या जितक्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांतल्या निम्म्याहून जास्त या झिजेच्या असतात, मूळ रचनेच्या नसतात. म्हणून मी कोणताही नवा भाग मागवायच्या आधी इंजिनची हवा तपासतो.

तुमच्या तिसऱ्या फोटोत मॅग्नेटच्या कव्हरखाली एक ओला, काळपट डाग आहे. साखळीवरचं ऑइल असेल म्हणून तुम्ही बहुधा सोडून दिलं असेल. तसं असूही शकतं. पण डाव्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलं असेल तर डाग नेमका तिथेच पडतो. सील गेलं की क्रँककेस दाबाखाली असताना पेट्रोल-ऑइल बाहेर झिरपतं आणि खेच असताना बाहेरची हवा आत शिरते. हवा वाढली की मिश्रण कोरडं पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. रेस सोडली तरी इंजिन खाली यायला वेळ लावतं, आणि पुन्हा रेस दिली की नको तिथे उसळतं. तुम्ही लिहिलंय, ‘मी थ्रॉटल बंद केलं होतं तरी गाडी ओढत राहिली.’ या वाक्यावर मी थांबलो. टीएमच्या मूळ स्वभावात हे बसत नाही. हे हवेच्या गळतीचं लक्षण आहे, किंवा थ्रॉटलची केबल अडकत असणार. केबल आज संध्याकाळीच बघा, पाच मिनिटांचं काम आहे. हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवून प्रत्येक ठिकाणी थ्रॉटल उघडा आणि सोडा. ते खट्‌कन बंद झालंच पाहिजे.

गळती बघायला इंजिन उघडावं लागत नाही. एक्झॉस्टचं आणि कार्बोरेटरचं तोंड रबरी बूच लावून बंद करा. प्लगच्या भोकातून हातपंपाने हवा भरा, सहा पीएसआयच्या पुढे जाऊ नका, नाहीतर चांगलं सीलही आपल्या हाताने बाहेर ढकलाल. काटा सहा मिनिटं जवळपास जागेवर राहायला हवा. पडत असेल तर मॅग्नेट काढून त्यामागे साबणाचं पाणी ब्रशने लावा. गेल्या हिवाळ्यात एका टीएमवर हे करताना सीलच्या ओठाशी मोहरीच्या दाण्याएवढा एक बुडबुडा आला, फुगला, फुटला, पुन्हा आला. तेवढंच. त्या गाडीच्या आधीच्या मालकाने दोन वेळा कार्बोरेटर बदलला होता. सील बदललं आणि रेस जागेवर बसली. उजवं, क्लचकडचं सील गेलं तर हवा येत नाही, गिअरबॉक्सचं ऑइल ओढलं जातं. पांढरा धूर आणि दर महिन्याला कमी होणारं ऑइल हे त्याचं चिन्ह. बदलायला घ्याल तेव्हा दोन्ही एकदम बदला.

इथल्या पेट्रोलचंही एक आहे. बहुतेक पंपांवर दहा टक्के इथेनॉल असतं. त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण थोडं कोरडं पडतं, आणि जुनं रबर फुगतं ते वेगळं. मी मेन जेट एक पायरी मोठा टाकून सुरुवात करतो, मग प्लगचा रंग बघत खाली येतो. ऑइलचं प्रमाण मी चांगल्या सिंथेटिक ऑइलवर ३२ ला १ ठेवतो, ३२ भाग पेट्रोलला एक भाग ऑइल.

हवा पक्की झाली की इग्निशन. हे काम रात्री करा, गॅरेजचा दिवा घालवून. आधी प्लगच्या भोकात डायल गेज घालून पिस्टनची वरची टोकाची जागा पक्की करा आणि मॅग्नेटवर पांढऱ्या रंगाने बारीक रेघ मारा. मग स्ट्रोब लाइट (प्रत्येक ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) लावून इंजिन चालू करा आणि रेस अगदी हळू वाढवत न्या. मी पहिल्यांदा टीएमवर हे केलं तेव्हा अंधारात ती पांढरी रेघ खुणेजवळ थरथरत उभी होती. रेस वाढत होती तरी ती हलेना, आणि मग एकाएकी तिथून नाहीशी होऊन बोटाच्या पेराएवढी पुढे दिसली. मधल्या जागेत ती दिसलीच नाही. गाडी गरम झाल्यावर पुन्हा बघितलं तर उडीची जागा सरकलेली. इग्निशनच्या डब्यातले जुने सांधे तापल्यावर सैल होत होते. त्या रात्री कळलं, की चालवणाऱ्याला सवय का होत नाही. सवय व्हायला गोष्ट एका जागी असावी लागते.

तुमची रेघ थंड आणि गरम दोन्ही वेळा एकाच रेसला उडत असेल तर इग्निशन राहू द्या. सरकत असेल तर बदला. इथे निर्णय तुमच्या हेतूवर आहे. गाडी मूळ रूपात जपायची असेल तर तपासलेला जुना डबा शोधावा लागेल, वेळ आणि पैसा दोन्ही जातील. चालवायचीच असेल तर आजचं, सावकाश सरकणाऱ्या टायमिंगचं इग्निशन बसवा आणि जुनं पिशवीत घालून जपून ठेवा. स्पर्धेत उतरणार असाल तर तुमच्या वर्गाच्या नियमात ते चालतं का एवढं आधी विचारा. सुझुकीने स्वतःही पुढच्या वर्षांत ही गाडी थोडीथोडी सौम्य करत नेली. म्हणून १९७४-७५ ची टीएम चालवलेला माणूस सांगतो की एवढी काही वाईट नाही, आणि १९७१ ची चालवलेला कानाला हात लावतो. दोघेही खरं बोलतात. तुमची बहात्तरची आहे, म्हणजे आधीच्या टोकाला.

आता तुमच्या पहिल्या मित्राचं मॅग्नेटचं वजन. हा उपाय खरा आहे आणि त्या काळापासून चालत आलाय. वजनाने ताकद कमी होत नाही. इंजिनला वर चढायला थोडा जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात टायरला मातीत दात रोवता येतात. चिखलात आणि कडक, घसरड्या जमिनीवर याचा फायदा फार. खोल वाळूत मला कमी वजन आवडतं, तिथे इंजिन पटकन उठलेलं बरं. पण वजन बसवताना घिसाडघाई नको. सहा-सात हजार आरपीएमला फिरणारा लोखंडाचा तुकडा तुमच्या घोट्यापासून वीतभर अंतरावर असतो. मापात बसणारं, बॅलन्स केलेलं, क्रँकच्या निमुळत्या टोकावर (टेपर) आणि तिथल्या चावीवर नीट बसलेलं वजनच लावा. लेथवर अंदाजाने कापून वेल्डिंग मारलेलं वजन मी काढून फेकायला लावतो. आणि लक्षात घ्या, सील गळत असताना वजन लावलंत तर गाडी तशीच ओढत राहील, फक्त थांबायला आणखी वेळ घेईल. म्हणून हवा, मग टायमिंग, मग वजन, आणि त्यानंतर चासी.

चासीत आधी सैल काय आहे ते शोधा. गाडी स्टँडवर घ्या, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवा. स्विंगआर्मच्या बुशमध्ये खडखड लागली तर तुमच्या पडण्याचं दुसरं कारण सापडलं. बुशमधला कागदाएवढा खेळ चाकाच्या टोकाला दिसण्याइतका होतो. मग स्पोकवर स्क्रूड्रायव्हर वाजवत जा, मेलेला आवाज आला की तो स्पोक सैल. पुढचं चाक उचलून कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, बघा. हँडल मध्यावर अडखळत असेल तर गोळ्यांनी खड्डे पाडलेत, तिथे मी टेपर रोलर बेअरिंग घालतो. फ्रेमवरचा रंग निघत असेल तर फूटपेगच्या मुळाशी, स्विंगआर्मच्या बोल्टजवळ आणि कोनसेटच्या नळीखाली चिरा बघा. या फ्रेमच्या नळ्या मुळातच वाकणाऱ्या, त्यात आधीच्या कोणी वेल्डिंगचे डाग मारलेले असतात. अशी दुरुस्ती दिसली तर दोन टाके आणखी मारून भागवू नका, चांगल्या फ्रेमवाल्याकडे न्या.

मागचे शॉक शेवटी. मूळचे शॉक चार-पाच फेऱ्यांत तापून ऑइल सोडल्यासारखे वागतात, मग चाक जमिनीवर टिकत नाही, उसळतं. उसळलेलं चाक हवेत असताना ताकद आली की ते फिरतं आणि खाली टेकताना आडवं टेकतं. त्यामुळे चांगले शॉक हवेतच, दुसऱ्या मित्राचं ते बरोबर आहे. स्प्रिंग तुमच्या वजनाप्रमाणे मागवा. सत्तर किलोच्या माणसाला आणि शंभर किलोच्या माणसाला एकच स्प्रिंग चालत नाही, आणि तुम्ही तुमचं वजन लिहिलेलं नाही. मूळ मापापेक्षा लांब शॉक लावून मागचा भाग उचलण्याचा मोह टाळा. पुढचा फोर्क उभा होतो आणि सरळ रस्त्यावर हँडल थरथरायला लागतं.

सगळ्यात स्वस्त उपाय अजून कोणी तुम्हाला सांगितलेला नाही. पुढचं स्प्रॉकेट एक दात मोठं घाला. प्रत्येक गिअर लांब होतो, चाकापर्यंत पोचणारा झटका मवाळ होतो. आणि चालवायची पद्धत बदला. आधुनिक २५० वर आपण वळणात रेस वर ठेवतो आणि क्लचने सांभाळतो. टीएमवर तसं केलं की तुम्ही भिंतीच्या अगदी पायथ्याशी उभे राहता. वळणात एक गिअर वर घाला, इंजिन शांत पट्ट्यात ठेवा, थ्रॉटल एकदम बंद-चालू न करता बारीक उघडं ठेवा. गाडी सरळ झाली, दोन्ही पाय पेगवर आले, की मग उघडा. तिरप्या गाडीवर कधीच नाही. वळणात टाकीजवळ सरकून बसा, सरळ रेषेत उभं राहून गुडघ्यांनी गाडी धरा, म्हणजे हँडलवर हातांचा भार पडत नाही. झटका आला की हँडलला लोंबकळणारा माणूस नकळत थ्रॉटल आणखी उघडतो. अर्धे अपघात तसे होतात.

किक मारताना पूर्ण उंचीचे मोटोक्रॉस बूट घाला, अंगणात चालू करून बघायची असली तरी. टायमिंग पुढे असेल तर ही गाडी बॅक मारते आणि घोटा मोडू शकतो. पिस्टन दाबावर आणा, थोडा पुढे घ्या, मग पाय पूर्ण खालपर्यंत न थांबता न्या. अर्ध्या मनाने मारलेली किकच परत येते.

राहिला तिसऱ्या मित्राचा सल्ला. खांदा पूर्ण बरा होईपर्यंत तर चालवूच नका, तो वेळ वरच्या तपासणीला पुरेल. त्यानंतर रिकाम्या मैदानात दहा मिनिटं, तिसऱ्या गिअरमध्ये, नुसते मोठे आठ काढा. उठण्याची जागा मनगटाला ओळखू येऊ लागली तर गाडी ठेवा. नीट लावलेली टीएम तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये चढावर जी ओढते ती मजा दुसऱ्या गाडीत मला मिळालेली नाही, आणि त्यासाठी मी ही मेहनत दर वेळी आनंदाने घेतो. दहा मिनिटांनंतरही पोटात गोळा येत असेल तर विकण्यात काही कमीपणा नाही. तसं ठरलं तर घेणाऱ्याला मॅग्नेटखालचा तो डाग आणि थ्रॉटल सोडल्यावरही ओढणारं इंजिन, दोन्ही गोष्टी आधी दाखवा, आणि त्याच्यासमोर सहा मिनिटं तो काटा बघून मगच गाडी द्या.